फ्रेंच 'आज'ला टाळ्या किती? तीन की चार?

शेवंती

नमस्कार मंडळी,

सध्या मी लेकीकडे, फ्रान्समध्ये ल्यों शहरात आहे. नात सहा वर्षांची. इथल्या पहिलीत, म्हणजे ज्याला इथे 'से-पे' म्हणतात त्या वर्गात जाते. शाळेतून वाचनाचा अभ्यास येतो, त्यात एक प्रकार असा असतो की शब्द मोठ्याने म्हणायचा आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्यायची. 'शोकोला'ला तीन टाळ्या, 'लापँ' म्हणजे सशाला दोन, 'शा' म्हणजे मांजराला एक. संध्याकाळी कुकर लावला की आम्ही दोघी टेबलाशी बसून हा अभ्यास करतो.

काल शब्द आला 'आज'. फ्रेंचमध्ये तो लिहितात असा: ए, यू, जे, ओ, यू, आर, डी, मग अपॉस्ट्रॉफी, मग एच, यू, आय. नोकरीत असताना मी पुण्यात दोन वर्षं संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गाला जात होते, त्यामुळे शब्द ओळखीचा. मी म्हटलं ओ-झ़ुर-दु-ई आणि चार टाळ्या दिल्या. नातीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "नाही आजी, तीन." मग तिने स्वतः म्हणून दाखवलं. तिच्या तोंडून खरंच तीनच तुकडे येतात, पण तिसरा तुकडा माझ्या कानाला प्रत्येक वेळी 'दुई' असाच ऐकू येतो आणि 'दुई' म्हटलं की माझे हात दोन टाळ्या देतात.

मी माझ्या वहीत सगळे फ्रेंच उच्चार देवनागरीत लिहिते. (झ़ म्हणजे झ खाली टिंब, माप या अर्थाच्या 'मेझर' (measure) या इंग्रजी शब्दाच्या मधला आवाज.) तर प्रश्न असे: तीनच का? मला चार का ऐकू येतात? आणि वहीत नेमकं लिहू काय?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. मला हे नीट शिकायचं आहे.


कोयनाकाठ

शेवंतीताई, नात बरोबर आहे. तीनच.

मी शाळेत आठवी-नववीला फ्रेंच शिकवते. दरवर्षी जूनमध्ये तारीख आणि वार शिकवताना हा शब्द येतो आणि निम्मा वर्ग चार तुकडे करतो. कारण सोपं आहे. डोळ्यांना यू आणि आय अशी दोन स्वराक्षरं दिसतात, म्हणून तोंड दोन स्वर म्हणतं. पण डोळ्यांवर विसंबलं तर या शब्दात सहा स्वराक्षरं आहेत! ए-यू मिळून एक 'ओ'. ओ-यू मिळून एक 'उ'. एच तर मुकाच. राहिले यू आणि आय. त्यातला यू इथे स्वर नाही, अर्धस्वर आहे. जसा आपला य हा इ-चा अर्धस्वर, व हा उ-चा, तसा हा फ्रेंच यू-चा अर्धस्वर. अर्धस्वर स्वतःचा तुकडा करत नाही, पुढच्या स्वराला चिकटतो.

म्हणून ओ । झ़ुर । द्वी.

'न्वी' (रात्र), 'फ्र्वी' (फळ), 'प्ल्वी' (पाऊस), 'ब्र्वी' (आवाज) हे सगळे एकेक टाळीचे शब्द आहेत. नातीबरोबर हे करून बघा.


पेठेतला वाचक

कोयनाकाठ, तुमचा अनुभव मोठा आहे, तरी मला एक शंका आहे. फ्रेंचमध्ये 'क्रूर' या अर्थाचा जो शब्द आहे, त्यात यू आणि ए आहेत आणि तो दोन तुकड्यांत म्हणतात, क्र्यू-एल. मग यू-आय मात्र एकच तुकडा कसा? नियम एकसारखा हवा ना?


कोयनाकाठ

चांगली शंका आहे. नियम असा की आधी एकटं व्यंजन असेल तर यू सहसा अर्धस्वर होतो. आधी 'क्र', 'प्ल', 'त्र' असं जोडव्यंजन असेल तर तोंडाला श्वास घ्यायला जागा हवी असते, म्हणून तो पूर्ण स्वर राहतो. क्र्यू-एल दोन तुकडे ते यामुळे. मजुराला 'ऊ-व्री-ये' म्हणतात, तीन तुकडे, तेही यामुळेच.

पण यू-आय ही जोडी त्याला अपवाद. फळ, पाऊस, आवाज या तिन्ही शब्दांत आधी जोडव्यंजन आहे, तरी तुकडा एकच. ही जोडी फ्रेंचमध्ये फार जुनी आहे. लॅटिनमधल्या 'नोक्ते'चं 'न्वी' झालं, 'ओक्तो'चं 'वीत' (आठ), 'फ्रुक्तुस'चं 'फ्र्वी'. ती शेकडो वर्षं एका श्वासात म्हटली गेली आहे, त्यामुळे ती फुटत नाही.

'वीत'च्या सुरुवातीला लिहिताना एच असतो, तोही उच्चारासाठी नाही. पूर्वी यू आणि व्ही हे अक्षर एकच होतं. एच लावला नाही तर वाचणारा 'वित' असा वेगळाच शब्द वाचायचा. वाचणाऱ्याला सावध करायला तो एच बसवला.


झुळूक

वाचतेय. ताई, धागा काढल्याबद्दल आभार. माझाही हाच शब्द अडतो.


शेवंती

कोयनाकाठ, खूप खूप आभार. न्वी, फ्र्वी, प्ल्वी नातीसमोर म्हणून दाखवले. न्वी तिला पटलं. 'प्ल्वी'ला मात्र मी पुन्हा दोन टाळ्या दिल्या, प्लु-ई. म्हणजे नियम कळला, पण तोंड ऐकत नाही.


अक्षरवेल

शेवंतीताई, नियम कळूनही तोंड का ऐकत नाही, यावर मला थोडं विस्ताराने लिहावंसं वाटतं. माझं शिक्षण भाषाशास्त्रातलं आहे आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आपण फ्रेंच आवाज शिकण्यावर सगळा जोर देतो. घशातला र, नाकातले स्वर, ओठांचा चंबू. ते हवंच. पण मराठी माणसाची खरी अडचण त्याआधीची आहे. आपण शब्द वेगळ्या ठिकाणी कापतो.

'पत्र' हा शब्द घ्या. लिहिताना आपण प आणि त्र अशी दोन अक्षरं लिहितो. बोलताना मात्र पत्-र असं म्हणतो. त-चा आघात मागच्या प-वर येतो, तो तुकडा बंद होतो आणि जड होतो. म्हणून तर वृत्तात 'पत्र'मधला प गुरू धरतात. शाळेत लघु-गुरू मोजताना 'जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू' हे पाठ केलेलं आठवत असेल. तो नियम म्हणजे मराठी-संस्कृतची कापण्याची पद्धत आहे.

फ्रेंच याच्या उलट कापते. तिला उघडे तुकडे आवडतात. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असलं की ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असली आणि दुसरं र किंवा ल असलं, तर बहुधा दोन्ही मिळून पुढे जातात. मातृभूमीला फ्रेंचमध्ये 'पात्री' म्हणतात. फ्रेंच माणूस ते पा-त्री असं म्हणतो, आपण पात्-री. चित्राला किंवा फळ्याला 'ताब्लो', त्याचे तुकडे ता-ब्लो, आपण म्हणणार ताब्-लो. हा आघात फ्रेंच कानाला फार खटकतो. आवाज सगळे बरोबर असूनही समोरचा दोनदा विचारतो, ते बऱ्याचदा यामुळे.

आता गंमत बघा. फ्रेंचला जे हवं आहे ते मराठीतही आहे, आणि आपण ते लिहूनही दाखवतो. दर्या आणि दऱ्या.

दर्या म्हणजे समुद्र. र-ला रफार. दर्-या. र मागच्या तुकड्यात बसतो आणि तो बंद करतो.

दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. हा डोळ्याच्या पापणीसारखा र. द-ऱ्या. र पुढे जातो, मागच्या द-वर कसलाच आघात नाही.

आचार्यास आणि आचाऱ्यास तसंच. पहिला गुरूला, दुसरा स्वयंपाक करणाऱ्याला. आवाज तेच, क्रम तोच. फरक फक्त तुकडा कुठे पडतो याचा, आणि एवढ्याने अर्थ बदलतो. हा फरक लिपीत दाखवणारी मराठी भाषा आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तर फ्रेंच म्हणताना दर्यासारखं कापू नका, दऱ्यासारखं कापा. 'पात्री' म्हणताना त्र-ला 'ऱ्या'सारखं हलकं ठेवा.

आणि तुमच्या शब्दात तर दोन्ही प्रकार एकाच जागी आले आहेत. ओ-झ़ुर-द्वी. र आणि द मिळून फ्रेंच तुकडा सुरू होऊ शकत नाही, म्हणून र मागे राहतो आणि 'झ़ुर' बंद होतो. हा रफार, 'दर्या'तला. त्यानंतर द आणि अर्धस्वर मात्र घट्ट धरून पुढे जातात. तो 'दऱ्या'तला जोड. तुम्ही 'दु' वेगळा काढता, कारण र्द्व असा तीन व्यंजनांचा गठ्ठा आपल्या जिभेला जड जातो, मग जीभ मध्ये एक स्वर घालून गठ्ठा सोडवते. हेच आपण 'स्टेशन'चं 'इष्टेशन' किंवा 'ग्लास'चं 'गिलास' करताना करतो.

मोठ्याने सांगायची युक्ती: आधी 'ओझ़ुर' म्हणा आणि पूर्ण थांबा. मग 'द्वी' एकट्याने दहा वेळा. मग मधलं थांबणं कमी करत जा.


पेठेतला वाचक

अक्षरवेल, दर्या-दऱ्या वाचून थबकलो. शाळेत शुद्धलेखन म्हणून घोकलं होतं, उच्चार म्हणून कधी बघितलंच नव्हतं. माझी चारची बाजू मी मागे घेतो.


टंकमुद्रा

थोडी छपाईच्या बाजूची भर. मी बरीच वर्षं पुस्तकांची जुळणी करतो, त्यात काही फ्रेंच पाठ्यपुस्तकंही होती. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचे फ्रेंचचे नियम वेगळे आहेत आणि ते प्रत्येक वेळी टाळीशी जुळत नाहीत.

अपॉस्ट्रॉफीपाशी ओळ कधीही तोडायची नाही. या शब्दात तोडायच्या दोन जागा: 'ओ'नंतर किंवा 'झ़ुर'नंतर. 'द' आणि अपॉस्ट्रॉफी खालच्या ओळीवर एकत्रच जातात. इथे लिखाण आणि उच्चार एकमेकांना धरून आहेत.

पण सफरचंदाचा शब्द बघा. बोलताना 'पॉम', एक टाळी. लिहिताना त्यात दोन एम आणि शेवटी मुका ई आहे आणि ओळ तोडायची वेळ आली तर दोन एमच्या मधून तोडतात. कागदावर दोन तुकडे, तोंडात एक. नातीच्या अभ्यासात कधी लिहून तुकडे करायला सांगितले तर हे लक्षात असू द्या. टाळीचे तुकडे आणि पेन्सिलीने रेघ मारून केलेले तुकडे सारखे येतीलच असं नाही.


उत्तरेचा वारा

मी कॅनडात, क्वेबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलमध्ये राहतो. इथे क्वेबेकची फ्रेंच. आमच्याकडे हा शब्द ऐकाल तर मराठी माणसाला एकदम आपला वाटेल.

इथे त आणि द यांच्यापुढे 'ई' किंवा फ्रेंच 'यू' आला की त्यांचा आवाज बदलतो. 'तू म्हणतोस' हे पॅरिसमध्ये 'त्यू दी', इथे 'त्स्यू द्ज़ी'. तो द्ज़ म्हणजे तंतोतंत आपल्या 'जागा', 'जोर'मधला ज. आणि त्स म्हणजे 'चाक', 'चूल'मधला च. अर्धस्वरापुढेही तेच होतं, म्हणून इथे शब्द येतो ओ-झ़ुर-द्ज़्वी. माझ्याबरोबर आलेले इतर प्रांतांतले भारतीय या आवाजाला अडखळायचे, मला तो पहिल्या दिवसापासून जमला. आई-वडिलांनी जेवायला बसताना शिकवलेला ज कामाला आला.

तुकडे मात्र इथेही तीनच.


अक्षरवेल

उत्तरेचा वारा, सुंदर निरीक्षण. आणि दिशा उलटी आहे बघा. मराठीत ई, ए, य यांच्या आधी च-ज तालव्य होतात: चिंच, जीव, जेवण. दंत्य च-ज येतात ते आ, उ, ओ यांच्या आधी: चाक, चूल, जोर. क्वेबेकमध्ये नेमके 'ई'च्या आधी दंत्य आवाज येतात, कारण तिथे सुरुवात त-द पासून होते, च-ज पासून नाही. तिथे जीभ 'ई'साठी वर सरकत असताना द सोडते आणि सोडताना घासते.


झुळूक

माझी अडचण झ़-ची आहे. मी एक तर जीवमधला ज म्हणते, नाहीतर झाडातला झ. फ्रेंच मैत्रीण म्हणते दोन्ही नाहीत.


कोयनाकाठ

झुळूक, ज आणि झ दोन्ही म्हणताना जीभ आधी टाळूला टेकते आणि मग सुटते. फ्रेंच झ़ टेकतच नाही. तो श-चा भाऊ आहे. लांब 'शशशश' म्हणा, मध्ये न थांबता गळ्यातून आवाज सुरू करा. गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागेल. तोच झ़. वर्गात मी मुलांना 'श-झ़-श-झ़' असं एका श्वासात म्हणायला लावते.

र-साठी: गुळण्या करताना पाणी जिथे खळखळतं तिथे. जीभ खाली पडू द्या. गझल शब्दाचा उर्दू ग़ ऐकला असेल तर त्याच्या अगदी जवळ.

आणि शेवंतीताईंच्या तिसऱ्या तुकड्यासाठी: 'ई' म्हणत राहा. जीभ अजिबात हलवू नका. फक्त ओठ शीळ घालताना करतो तसे करा. जो आवाज येतो तो फ्रेंच यू. आता द म्हणायच्या आधीच ओठ तसे करून ठेवा आणि ओठ सोडत 'ई'वर या. द्वी. ओठ आधी तयार असले की मध्ये 'दु' म्हणायला वेळच मिळत नाही.


पेठेतला वाचक

मग हा आपला व आणि तो अर्धस्वर एकच का? देवनागरीत सगळे 'द्वी' लिहितायत.


कोयनाकाठ

एक नाही. 'त्याला' या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि लुई हे नाव (झटकन म्हटलेलं) दोन्ही देवनागरीत 'ल्वी' लिहावे लागतात, पण ते दोन वेगळे उच्चार आहेत. नावात जीभ मागे असते, 'ऊ'सारखी. 'त्याला'मध्ये जीभ पुढे, 'ई'च्या जागी. ओठ दोन्हीकडे गोल. आपल्या लिपीत या दुसऱ्या आवाजाला अक्षर नाही. १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनी एकत्र येऊन जी संस्था काढली, तिच्या आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हांत याला उलटा केलेला एच हे चिन्ह आहे. या शब्दात एच मुका आहे आणि उच्चारचिन्हात तोच उलटा होऊन बोलतो, हे मुलांना सांगितलं की ते विसरत नाहीत.

बेल्जियममध्ये अनेक जण या जागी सरळ व-सारखा आवाज काढतात. म्हणजे 'द्वी' आपल्या व-ने म्हटलं तरी समोरच्याला कळतंच. 'दुई' मात्र करू नका. अर्धस्वर थोडा चुकला तर चालतो, तुकड्यांची संख्या चुकली की ऐकणारा अडखळतो.

ताई, वहीत 'ओझ़ुर्द्वी' लिहा आणि व-च्या डोक्यावर शिट्टीची एखादी खूण करा.


उसाचं शेत

नमस्कार. मी मॉरिशसचा मराठी. आमचे पूर्वज १८३४ साली सुरू झालेल्या मजूरभरतीत इथे आले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कोकणातल्या गावांची नावं ऐकत मोठा झालो. माझं मराठी शाळेत शिकलेलं आहे, चूकभूल माफ करा.

बेटावर फ्रेंचांचं राज्य १७१५ ते १८१० होतं. ते गेले, पण बोली राहिली. आमच्या क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून झालेल्या इथल्या बोलीत, 'आज'ला म्हणतात 'ज़ोर्दी'. दोन टाळ्या! ओ गळाला, झ़-चा ज़ झाला आणि ज्या अर्धस्वरावर तुम्ही सगळे इतकं बोलताय तो निघूनच गेला. पाऊस 'लाप्ली'. तिथेही गेला. पण रात्रीला आम्ही 'लान्वीत' म्हणतो आणि आठला 'वीत', तिथे तो व होऊन राहिला.

माझी आजी घरात मराठी, बाजारात क्रिओल बोलायची आणि चर्चजवळच्या दुकानदाराशी फ्रेंच. तिच्या तोंडी 'आज', 'ज़ोर्दी' आणि 'ओझ़ुर्द्वी' असे तिन्ही शब्द एका सकाळी यायचे. एक टाळी, दोन टाळ्या, तीन टाळ्या. हे मला आज हा धागा वाचताना पहिल्यांदा जाणवलं.


शेवंती

उसाचं शेत, तुमचं मराठी फार छान आहे. आजींबद्दल वाचून डोळे भरून आले.


जुनीपोथी

शब्दाच्या जन्माबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लॅटिनमध्ये आजला 'होदिए'. 'हो' म्हणजे 'या' आणि 'दिए' म्हणजे दिवस. 'या दिवशी'. त्याचंच इटालियनमध्ये 'ओज्जी' झालं, स्पॅनिशमध्ये 'ओय' आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'हुई'. झिजत झिजत एका तुकड्याचा शब्द उरला. इतका आखूड शब्द बोलण्यात हरवतो, म्हणून लोक जोर देऊन म्हणू लागले 'ओ झ़ुर द हुई', म्हणजे 'आजच्या दिवशी'. हळूहळू ते चार शब्द एकमेकांत मुरले आणि एकच शब्द झाला. अपॉस्ट्रॉफी ही त्या जुन्या जोडाची खूण. एकटा 'हुई' आता रोजच्या बोलण्यात कुठेच नाही, तो फक्त या शब्दाच्या पोटात जिवंत आहे.

'झ़ुर' म्हणजे दिवस, तोही लॅटिनच्या 'दिए'शी संबंधित 'दिउर्नुम'पासून आलेला. म्हणजे या शब्दात दिवस दोनदा आहे. आणि आता कित्येक फ्रेंच माणसं 'ओ झ़ुर दोझ़ुर्द्वी' म्हणतात, 'आजच्या दिवसाच्या दिवशी'! भाषेबद्दल काटेकोर असणारे तिथले लोक यावर नाराज असतात.

आता आपलं बघा. संस्कृत 'अद्य'. 'अ' हे 'हा' या अर्थाचं सर्वनाम आणि 'द्य'मध्ये 'द्यु', म्हणजे दिवस. 'या दिवशी'. लॅटिनच्या 'दिए'चं आणि आपल्या 'द्यु'चं मूळही एकच. पुढे प्राकृतात 'अज्ज' आणि मराठीत 'आज'. आपल्याकडेही आखूड शब्द उरला आणि आपणही म्हणतो 'आजच्या दिवशी', 'आजचा दिवस'. दिवस दोनदा. ल्योंचा माणूस आणि साताऱ्याचा माणूस एकमेकांना न भेटता एकाच वाटेने चालले.


अक्षरवेल

जुनीपोथी, यात तुकड्यांचा पुरावाही आहे. 'अद्य'चं प्राकृतात 'अज्ज' झालं, ज दुहेरी, कारण लोक अद्-य असंच कापत होते, पहिला तुकडा बंद. मग मराठीत एक ज गेला आणि त्याची भरपाई म्हणून अ-चा आ झाला. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. सगळीकडे तीच चाल. म्हणजे पत्-र असं कापायची आपली सवय दोन हजार वर्षांहून जुनी आहे. शेवंतीताई, तुमची जीभ का ऐकत नाही, ते आता लक्षात येईल.


टाळचिपळ्या

मी भजनी मंडळात गातो, फ्रेंचचा माझा संबंध नाही. पण तुकडे मोजायचा विषय निघाला म्हणून विचारतो. आम्ही अभंगाची अक्षरं मोजतो ती बोलण्याशी जुळत नाहीत. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया'. सहा, सहा, सहा, चार. पण 'सुंदर ते ध्यान' बोलताना सुं-दर-ते-ध्यान, चारच तुकडे होतात. गाताना मात्र सुं-द-र-ते-ध्या-न, सहा पुरे भरतात. शेवटचा 'न' आम्ही 'न'च म्हणतो, 'न्' नाही. फ्रेंचमध्ये असं काही असतं का?


कोयनाकाठ

टाळचिपळ्या दादा, हुबेहूब असंच असतं!

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटी जो मुका ई असतो, तो म्हणजे आपल्या 'ध्यान'मधल्या न-चा शेवटचा अ. बोलण्यात नाही, कवितेत आहे. त्यांचं सर्वात प्रतिष्ठेचं वृत्त बारा तुकड्यांचं, सहा आणि सहा. त्यात मुका ई पुढे व्यंजन असेल तर पूर्ण मोजायचा, पुढे स्वर असेल तर गाळायचा आणि ओळीच्या शेवटचा मोजायचा नाही.

'लहान खिडकी' घेऊ. ला-प-ती-त-फ-नेत्र. (इथे प, त, फ यांचा अ ओठ किंचित गोल करून म्हणायचा.) ओळीच्या शेवटी आलं तर कवितेत सहा तुकडे, म्हणजे अर्धी ओळ भरली. रोजच्या बोलण्यात तेच 'लाप्-तीत-फ-नेत्र', चारच. आणि दक्षिणेत, मार्सेय किंवा तुलूझच्या बाजूला, म्हातारी माणसं शेवटचा ई बोलतानाही म्हणतात, ने-त्र असं. तुमच्या गाण्यातला 'न' तसा.

मी पंधरा वर्षं मुलांना मुका ई शिकवतेय आणि अभंगाचं उदाहरण मला सुचलं नव्हतं. या जूनपासून 'सुंदर ते ध्यान'पासूनच सुरुवात करणार.


झुळूक

आज मैत्रिणीला झ़ म्हणून दाखवला. म्हणाली, आता बरोबर. श-झ़-श-झ़ दोन दिवस बसमध्ये म्हणत होते.


शेवंती

मंडळी, पाच दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं आणि रोज सकाळी खिडकीशी बसून म्हटलं. ओठ आधी तयार ठेवायचे ही कोयनाकाठ यांची युक्ती आणि 'ओझ़ुर' म्हणून थांबायची अक्षरवेल यांची, दोन्ही मिळून काम झालं. परवा इथे दिवसभर पाऊस होता. नातीला शाळेतून आणताना तिने छत्री मागितली. छत्रीला फ्रेंचमध्ये 'पाराप्ल्वी', पा-रा-प्ल्वी. मी ते म्हटलं आणि रस्त्यातच तिने तीन टाळ्या दिल्या. माझ्या तोंडून तीनच आले होते.

शहराचं नावही मी इतके दिवस लि-ऑन असं दोन तुकड्यांत म्हणत होते. ते ल्यों, एका टाळीत, 'दऱ्या'तल्या ऱ्यासारखं. हेही आता जमतं.

काल तिने उलट मागणी केली. मराठी शब्दांवर टाळ्या. मी 'आज' दिला. तिने एक टाळी दिली. मग मी पाटीवर लिहून दाखवला तेव्हा तिला दोन अक्षरं दिसली आणि ती विचारात पडली. मी तिला 'सुंदर ते ध्यान' गाऊन दाखवलं, बोटं मोजून. सहा बोटं तिने दोनदा तपासली.

मग दिला 'उद्या'. मी उद्-या म्हणते. ती म्हणाली उ-द्या. द हलका, पुढच्या तुकड्यात, मागच्या उ-वर काही आघात नाही. मी तीनदा म्हणून दाखवलं, तीनदा तिने उ-द्याच म्हटलं. पत्र दिलं तर प-त्र. तिला माझा आघात ऐकूच येत नाही, जसा मला तिचा 'द्वी' एक तुकडा ऐकू येत नव्हता.

आता रोज संध्याकाळी अर्धा वेळ ती मला शिकवते, अर्धा वेळ मी तिला. तिच्यासाठी बंद तुकड्यांचे सोपे, रोजच्या वापरातले मराठी शब्द सुचवाल का? पत्र, उद्या, चक्र एवढे झाले. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस आहे आणि तिला पुण्याला फोन करून पणजीशी मराठीत बोलायचं आहे.


अक्षरवेल

शेवंतीताई, 'पक्का', 'रस्ता', 'विठ्ठल', 'कुत्रा', 'सत्य'. 'कुत्रा'पासून सुरू करा, मुलांना आवडतो. आणि एकदा दर्या-दऱ्या दोन्ही म्हणून दाखवा. दऱ्या तिला लगेच येईल, दर्याला वेळ लागेल. तिचं काय होतं ते इथे नक्की लिहा.